शब्दचर्चा : ‘गुरू’, ‘गुरुजी’ आणि ‘शिक्षक’ यांचा मराठी ख्रिस्ती लेखनातील वापर

विचारणा

सर्वांना नमस्कार. मी कोल्हापुरात मराठी विषय घेऊन एम. ए. करते आहे आणि मराठी ख्रिस्ती साहित्यावर शिक्षकाचा प्रभाव कसा पडला, या विषयावर एक टिपण लिहिते आहे. शुभवर्तमानांच्या (बायबलमधील येशूचरित्रांच्या) मराठी भाषांतरात शिष्य येशूला ‘गुरुजी’ अशी हाक मारतात, काही ठिकाणी ‘गुरू’ हा शब्द येतो आणि बायबलच्या नव्या करारातील पत्रांमध्ये ‘शिक्षक’ हा शब्द दिसतो. मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या भक्तिरचनांत तर ‘गुरू’ हा शब्द वेगळ्याच भाराने उतरलेला आहे. हे तीन शब्द एकमेकांच्या जागी वापरता येतील का? ‘टिळक हे बालकवींचे गुरू होते’ असे एक वाक्य मी लिहिले आहे. ते योग्य आहे का, हेही कृपया सांगावे.

प्रतिसाद

ताई, हे तीन शब्द अर्थाने शेजारचे असले, तरी ख्रिस्ती मराठीत ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत, आणि का बसत नाहीत हे पाहताना तुमच्या टिपणाचा बराचसा विषय हाती लागेल.

आधी ‘गुरुजी’ घेऊ. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात दोन माणसे येशूच्या मागोमाग चालू लागतात. तो वळून त्यांना काय शोधता असे विचारतो आणि ते ‘रब्बी, आपण कोठे राहता?’ असा उलट प्रश्न करतात. तेथे लेखकाने स्वतःच ‘रब्बी’ या शब्दाचा अर्थ देऊन ठेवला आहे, आणि मराठी भाषांतरात तो अर्थ ‘गुरुजी’ असा येतो. लूकच्या शुभवर्तमानात रात्रभर जाळी टाकून रिकाम्या हाताने परतलेला शिमोन पेत्रही ‘गुरुजी’ असेच म्हणतो. या दोन ठिकाणचे मूळ ग्रीक शब्द वेगळे आहेत. पेत्राच्या तोंडचा शब्द अधिकारी किंवा मुखत्यार या अर्थाकडे झुकतो. मराठीने मात्र दोघांनाही एकाच हाकेखाली आणले. माझ्या मते हे दारिद्र्य नसून निवड आहे, कारण ‘गुरुजी’ या एका हाकेत शिकवणाऱ्याविषयीचा आदर आणि त्याचा शब्द पाळण्याची तयारी हे दोन्ही येते. पेत्राला मासे मिळण्याची आशा उरलेली नाही, तरी केवळ गुरुजी सांगतात म्हणून तो जाळी पुन्हा सोडतो.

या हाकेचे बळ सर्वांत जास्त जाणवते ते योहानाच्या विसाव्या अध्यायात. मरीया मग्दालिया रिकाम्या कबरीपाशी रडत उभी आहे. समोरचा माणूस माळी आहे असे तिला वाटते आणि त्याने नाव घेऊन हाक मारताच ती ‘रब्बूनी’ असे उद्गारते. तेथेही लेखक शब्दाचा अर्थ सांगतो आणि मराठीत पुन्हा ‘गुरुजी’ येते. पुनरुत्थित ख्रिस्ताला भेटलेल्या पहिल्या व्यक्तीच्या तोंडी ‘प्रभू’ नाही, ‘देवा’ नाही. जो शब्द आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेतले मूल वर्गाच्या दारात उभे राहून उच्चारते, तोच शब्द आहे. मराठी वाचकाच्या मनात येशूची जी प्रतिमा तयार झाली तिच्यात घरगुती जवळीक आहे, आणि त्या जवळिकीत या हाकेचा वाटा फार मोठा आहे असे मी मानतो. भाषांतरकाराने तेथे ‘हे शिक्षका’ असे लिहिले असते तर व्याकरण चुकले नसते, पण मरीयेचा कंठ दाटून आलेला ऐकू आला नसता.

आता ‘गुरू’. योहानाच्याच तेराव्या अध्यायात येशू म्हणतो, ‘तुम्ही मला गुरू व प्रभू असे म्हणता आणि ते ठीक बोलता, कारण मी तसा आहेच.’ येथे कोणी कोणाला हाक मारत नाही, नात्याचे नाव घेतले जात आहे, म्हणून ‘जी’ गळून पडतो. हे वाक्य कोणत्या प्रसंगी येते ते पाहावे. येशूने नुकतेच कमरेला रुमाल बांधून, गंगाळात पाणी घेऊन शिष्यांचे पाय धुतले आहेत. आपल्याकडे गुरूचे पाय शिष्याने धुवावेत आणि ते तीर्थ म्हणून घ्यावे, ही रीत वारकरी घरांपासून दत्त संप्रदायाच्या मठांपर्यंत सर्वांना ठाऊक आहे. कोल्हापूरच्या माणसाला तर नरसोबाच्या वाडीमुळे गुरुचरण आणि पादुका यांचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाही. त्यामुळे ‘गुरू’ हा शब्द ऐकताच वाचकाच्या मनात जी अपेक्षा उभी राहते, ती या प्रसंगात नेमकी उलटी होते. शिष्याचे पाय धरणारा गुरू हे चित्र मराठी मनाला जितके हादरवते, तितके ज्या भाषेत हा शब्द केवळ शिकवणाऱ्यासाठी आहे त्या भाषेतल्या वाचकाला हादरवणार नाही. मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायातली, तुमचा गुरू एकच आहे आणि तुम्ही सर्व भाऊ आहात, ही ताकीदही याच शब्दामुळे आपल्याकडे धारदार झाली.

‘शिक्षक’ हा शब्द मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, सेवेसाठी राखलेला दिसतो. इफिसकरांस पत्रात पाळक व शिक्षक हे जोडीने येतात आणि याकोब आपल्या पत्रात पुष्कळांनी शिक्षक होऊ नये असे बजावतो. योहानाच्या शुभवर्तमानात निकदेम हा यहूदी अधिकारी रात्रीच्या वेळी येशूकडे येतो तेव्हा त्याला ‘देवापासून आलेले शिक्षक’ म्हणतो, आणि हा शब्द तेथे चपखल आहे, कारण तो अजून शिष्य झालेला नाही. त्याने विद्वत्ता ओळखली आहे, नाते पत्करलेले नाही.

तुमच्या टिपणात इंग्रज जेझुइट धर्मोपदेशक फादर थॉमस स्टीफन्सना जागा हवी. गोव्यात राशोल येथे 1616 साली रोमन लिपीत छापले गेलेले त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ म्हटले की मराठी भाषेची थोरवी गाणारी ओवी सर्वांना आठवते आणि चर्चा बहुधा तेथेच संपते, याची मला खंत वाटते. त्या ग्रंथाची मांडणीच गुरुशिष्यांच्या संवादाची आहे. गोव्यातील साष्टी भागात धर्मशिक्षणाच्या वर्गाला येणारा एक नवख्रिस्ती ब्राह्मण आपल्या जुन्या पुराणांसारखे काही वाचायला मिळावे असे पाद्रीजवळ मागतो आणि त्या मागणीतून पुराण सुरू होते. 1579 साली गोव्यात आलेल्या या इंग्रज माणसाने शिष्याची भूक ओळखली आणि शिष्याच्याच ओवी छंदात उत्तर दिले. त्या काळी गोव्यात जुन्या पोथ्यांवर बंदी आली होती, ही वेदनादायक पार्श्वभूमी विसरून चालणार नाही. पण ख्रिस्ती कल्पनाशक्ती मराठीत प्रथम फुलली ती एका विद्यार्थ्याच्या प्रश्नाला शिक्षकाने दिलेल्या उत्तरातून, हेही तितकेच खरे आहे.

पुरवणी

सरांच्या उत्तरात बोलीतील वापराची थोडी भर घालते. कोल्हापुरात शिकवणाऱ्याला स्थानपरत्वे निरनिराळी संबोधने आहेत. प्राथमिक शाळेत गुरुजी आणि बाई, हायस्कुलात सर, तालमीत वस्ताद, जुन्या माणसांच्या बोलण्यात मास्तर. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी 1852 साली कोल्हापुरात आले आणि त्यांनी शाळांपासूनच कामाला सुरुवात केली, त्यामुळे येथील मंडळीत शाळा आणि उपासना यांची भाषा पहिल्यापासून एकमेकींत मिसळलेली आहे. आमच्याकडे रविवारच्या मुलांच्या वर्गाला शब्बाथ शाळा म्हणतात आणि तेथे शिकवणाऱ्या बाईंना ‘बाई’ किंवा ‘टीचर’ म्हणतात. उपदेश करणाऱ्यांना ‘पाळकसाहेब’ म्हणतात. पाळकांना ‘गुरू’ म्हटलेले मी आमच्या मंडळीत ऐकलेले नाही. कॅथलिक बांधव मात्र लिहिताना ‘धर्मगुरू’ हा शब्द सहज वापरतात. जुन्या पिढीत ‘बायबलबाई’ हा एक सुंदर शब्द होता. घरोघरी जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवणारी आणि अनेकदा अक्षरओळखही करून देणारी ती बाई. तिचा उल्लेख तुमच्या टिपणात आलाच पाहिजे, कारण स्त्रियांपर्यंत शास्त्रातल्या गोष्टी पोचल्या त्या बऱ्याच अंशी तिच्या आवाजातून.

विचारणा करणारी

सर, ताई, दोघांचेही मनःपूर्वक आभार. टिळक आणि बालकवी यांच्याविषयीचे वाक्य तेवढे राहिले आहे.

प्रतिसाद

ते वाक्य मी बदलायला सांगेन. टिळक पेशाने अनेक वर्षे शिक्षक होते. स्वतः नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे शिकले आणि 1895 साली बाप्तिस्मा घेतल्यानंतर नगरला मिशनच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवत राहिले. परंतु आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी पोचलो अशी त्यांची भावना होती, आणि त्या वाटेने आलेल्या माणसाच्या तोंडी ‘गुरू’ हा शब्द सैलपणे येत नाही. त्यांनी ख्रिस्ताला गुरू आणि आई अशा दोन्ही नात्यांनी एकत्र आळवले आहे. ‘माउली’ म्हणून ज्ञानदेवांना हाक मारणाऱ्या परंपरेतून ते आलेले असल्यामुळे त्यांना हे जोडनाते परके वाटले नाही, आणि मराठी ख्रिस्ती उपासनेत जी कोवळीक आली ती मला तरी प्रामुख्याने यातूनच आलेली दिसते. म्हणून टिळकांच्या संदर्भात ‘गुरू’ हा शब्द ख्रिस्तासाठी राहू द्यावा.

त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांना 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात ‘बालकवी’ ही पदवी मिळाली, टिळकांनी त्यांच्यातला कवी ओळखला आणि पुढे त्यांना नगरला आपल्या घरी ठेवून घेतले. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी या ठोंबऱ्यांविषयी जे लिहिले आहे ते घरातल्या मुलाविषयी लिहावे तसे आहे, आणि त्यातून दिसणारे नाते औपचारिक अध्यापनाचे नाही. तेथे टिळक काव्याचा धडा देत बसलेले नाहीत. एका हळव्या, चटकन बिनसणाऱ्या तरुणाला जेवायला, राहायला आणि लिहायला जागा दिलेली आहे. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत आणि त्यांच्या कवितेत ख्रिस्ती विषय शोधू नयेत. तरीही निर्मितीकडे निखळ आनंदाने पाहण्याची दृष्टी, जी फुलामुलांवर लिहिणाऱ्या टिळकांपाशी होती, तिच्या सहवासाचा परिणाम त्यांच्यावर झाला असावा असे मला वाटते, आणि तुम्ही ते मत म्हणून मांडावे, निष्कर्ष म्हणून नव्हे.

टिळकांचा खरा विद्यार्थीवर्ग पाहायचा तर लक्ष्मीबाईंकडे पाहावे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी पतीचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रपर काव्य हाती घेतले आणि स्वतःच्या साध्या, बोलक्या ओव्यांत पूर्णत्वाला नेले. त्यांच्यासाठीही ‘शिष्या’ हा शब्द मला पुरेसा वाटत नाही, कारण त्यांचे गद्य टिळकांपासून पूर्णपणे स्वतंत्र आहे आणि माझ्या दृष्टीने त्यांच्यापेक्षा सरस आहे.

तेव्हा वाक्य असे करता येईल : ‘टिळक हे बालकवींना वडीलधाऱ्यासारखे होते आणि त्यांच्या घरी मिळालेल्या सहवासाने बालकवींच्या काव्याला आधार मिळाला.’ अगदीच एक शब्द हवा असेल तर ‘गुरुतुल्य’ चालेल. लिहिताना एवढे पाहावे की सुटा शब्द ‘गुरू’ असा दीर्घ लिहायचा, पण ‘गुरुजी’, ‘गुरुतुल्य’, ‘गुरुमाउली’ यांत ‘रु’ ऱ्हस्वच राहतो. तुमच्या टिपणात हा शब्द पानोपानी येणार आहे, म्हणून छपाईला देण्यापूर्वी तेवढे एकदा तपासून घ्यावे.