दह्यातलं लॅक्टेट: ३४० नॅनोमीटरवरचं रीडिंग टायट्रेशनपेक्षा कमी का?

विरजण_लॅब
१० ग्रॅम दही पाण्यात कालवून १०० मिली केलं, गाळलं. त्यातले ५० मायक्रोलिटर एकूण १ मिली मिश्रणात टाकते: ग्लायसीन-हायड्राझीन बफर (पीएच ९), एनएडी २ मिलिमोलर, एल-एलडीएच (लॅक्टेटचं पायरुव्हेट करणारं एन्झाइम; त्यात एनएडीचं एनएडीएच होतं आणि तेच ३४० वर प्रकाश शोषतं). अर्ध्या तासाने अ‍ॅब्सॉर्बन्स २.३, तरी हळूहळू चढतोच. हिशेबाने ०.६७% येतं, टायट्रेशनने (अल्कली घालून एकूण आम्ल मोजून) ०.९५%. एन्झाइम खराब आहे का?

क्युव्हेट३४०
एन्झाइमवर संशय नंतर घ्या, आधी डायल्यूशन बघा. ०.९% दह्यात लॅक्टिक आम्ल साधारण १०० मिलिमोलर असतं. तुमच्या डायल्यूशनने क्युव्हेटमध्ये (मोजायच्या छोट्या नळीत) ०.५ मिलिमोलर, म्हणजे अ‍ॅब्सॉर्बन्स ३.१ यायला हवा. तिथे बहुतेक स्पेक्ट्रोफोटोमीटर खोटं बोलतात. ०.१ ते १.० मध्ये राहा.

१ ग्रॅम दही १०० मिलीच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये ६० मिली पाण्यात कालवा. पोटॅशियम फेरोसायनाइड (३.६%) ५ मिली, झिंक सल्फेट (७.२%) ५ मिली, ०.१ मोलर कॉस्टिक सोडा १० मिली, याच क्रमाने, प्रत्येक वेळी हलवून. मग खुणेपर्यंत पाणी, गाळणं. पहिले काही मिली फेकून द्या. हे केसीन (दुधातलं प्रथिन) खाली बसवायला; नुसतं गाळून ते जात नाही आणि गढूळपणा ३४० वर अ‍ॅब्सॉर्बन्स म्हणूनच मोजला जातो.

सूत्र: गाळलेल्या द्रावात मिलिमोलर = रीडिंगमधला फरक × १.०० (एकूण मिली) ÷ (६.२२ × १ × ०.०५); ६.२२ हा एनएडीएचचा शोषण-गुणांक, १ सेंटीमीटर क्युव्हेटची रुंदी, ०.०५ मिली नमुना. फरक ०.३११ आला तर १ मिलिमोलर, म्हणजे दह्यात ०.९०%.

ताकतज्ज्ञ
वरचं सगळं मान्य, पण त्याने तफावत पूर्ण मिटणार नाही. लॅक्टेटची एल आणि डी अशी दोन आरशातली रूपं असतात, आणि एल-एलडीएचला फक्त एल-लॅक्टेट दिसतं. दह्यातल्या जिवाणूंपैकी थर्मोफिलस एल बनवतो, बल्गेरिकस डी. एकूण हवं असेल तर डी-एलडीएचही लागेल: आधी रीडिंग ए१, डी-एलडीएच घालून स्थिर झाल्यावर ए२, मग त्याच क्युव्हेटमध्ये एल-एलडीएच घालून ए३. टायट्रेशनला तर फॉस्फेट, सायट्रेट, केसीन सगळंच आम्ल. ताजं दूधसुद्धा ०.१४% च्या आसपास दाखवतं. तेव्हा दोन्ही आकडे जुळलेच पाहिजेत असं नाही.

चढत राहणारं रीडिंग हायड्राझीनचं आहे, ते पायरुव्हेटला बांधायला घातलेलं असतं, पण एनएडीशीही हळूहळू जुळतं. नमुन्याऐवजी पाणी घालून ब्लँक लावा, तितक्याच वेळेला वाचा आणि वजा करा. खरं तर हायड्राझीन विषारी, टाळलेलंच बरं: ग्लायसिलग्लायसीन बफर (पीएच १०), एल-ग्लुटामेट आणि जीपीटी (ग्लुटामेट-पायरुव्हेट ट्रान्सअमिनेज हे एन्झाइम) वापरा. पायरुव्हेट अ‍ॅलॅनिनमध्ये जातं, म्हणून क्रिया पुढे ओढली जाते.

क्युव्हेट३४०
स्टँडर्डची (माहीत असलेल्या प्रमाणाच्या लॅक्टेटची) बाटलीही वाचा. लेबलवर 'डीएल' (डी आणि एल निम्मे-निम्मे) असेल तर एल-एलडीएचला निम्मंच दिसेल. आणि पिपेटच्या टिपच्या टोकाला बोट लावू नका, घामात लॅक्टेट भरपूर असतं.

विरजण_लॅब
बाटली डीएलचीच निघाली.