जागलीवर फोन रातभर टिकला पायजे: चिप पाहावी, बॅटरी पाहावी की कंपनीचा साहेब?

पराटीवाला (ता. केळापूर, जि. यवतमाळ)

राजेहो, मदत पायजे. माह्यं वावर टिपेश्वरच्या जंगलाला लागून हाये. पराटीत (कपाशीत) तूर हाये, रानडुकरं शिरले की एका रातीत तासच्या तास आडवे करतात. म्हणून माळ्यावर जागल असते. संध्याकाळी फोन ८० टक्क्यांवर घेऊन निघतो आन पहाटेच्या आधी तो बंद. व्हिडिओ नाही, गेम नाही, नुसता खिशात. तोच फोन घरी असला की दुसऱ्या दिवसापर्यंत आरामात जाते. इलाका वाघाचा हाये. घरून फोन लावला आन 'स्विच ऑफ' ऐकू आलं की माय उठून बसते.

आता नवीन घेऊन राह्यलो. १२-१३ हजारापर्यंत जमते. दुकानात दोन दाखवले: एकात हेलिओ जी८५ चिप आन ६००० एमएएचची बॅटरी, दुसऱ्यात हेलिओ जी९९ आन ५०००. माह्ये भाटवे म्हणतात, "चिपवाल्या कंपन्यांचे साहेब बदलून राह्यले, इंटेलचा तर काढूनच टाकला, आता सगळा माल बिघडणार, थांब सालभर." खरं हाये का हे? थांबू की घेऊ?

दुरुस्तीवाला_वणी

भाऊ, पैसे टाकायच्या आधी माळ्यावर बसून एक पाहा. सेटिंग्ज, अबाउट फोन, त्यात सिम स्टेटस. तिथं सिग्नल डीबीएममध्ये (सिग्नलच्या जोराचं माप) दिसतो. -९० च्या आसपास असला तर उत्तम. -११० च्या पलीकडे गेला तर सिग्नलच बॅटरी खाऊन राह्यला, फोनचा दोष नाही. आन दुसऱ्या सिमला तिथं रेंजच नसेल तर ते सिम रात्रीपुरतं बंद करा. रेंज नसलेलं सिम सारखं टॉवर शोधत राहते.

दारव्ह्याचा_चिपवाला

मी मूळचा दारव्हा तालुक्यातला, आता बंगळुरूत चिप डिझाइनमध्ये आहे. भाऊंचा प्रश्न वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही. आमच्याही वावरात जागल असते.

आधी साहेबांचं. इंटेलचे प्रमुख पॅट गेलसिंगर यांनी डिसेंबर २०२४ मध्ये पद सोडलं, मार्च २०२५ मध्ये लिप-बू टॅन आले, हे खरं. पण तुमच्या फोनशी त्याचा काही संबंध नाही, कारण इंटेलनं मोबाइलच्या ॲटम चिपांचं काम २०१६ मध्येच गुंडाळलं. त्याही आधी, पॉल ओटेलिनी प्रमुख असताना, पहिल्या आयफोनसाठी चिप बनवायचं काम त्यांच्याकडे आलं होतं. भाव परवडत नाही म्हणून त्यांनी ते नाकारलं आणि २०१३ मध्ये पद सोडताना तसं बोलूनही दाखवलं. वरच्या माणसाचा निर्णय मोठा असतो, पण तो ग्राहकाच्या खिशात पोचायला वर्षं लागतात. स्नॅपड्रॅगन चिपा बनवणाऱ्या क्वालकॉमचंच घ्या. २०२१ मध्ये स्टीव्ह मोलेनकॉफ जाऊन क्रिस्तियानो आमोन आले, त्याच वर्षी क्वालकॉमनं नुव्हिया ही कंपनी विकत घेतली. तिथल्या लोकांच्या कामातून आलेला ओरायन गाभा (चिपमधला हिशेब करणारा भाग) फोनमध्ये आला तो ऑक्टोबर २०२४ च्या स्नॅपड्रॅगन ८ एलिटमध्ये. तीन वर्षांहून जास्त! म्हणून साहेब बदलला म्हणून सालभर थांबण्यात काही अर्थ नाही. भाटव्यांना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा की आज दुकानात असलेली चिप काही वर्षांआधीच ठरलेली असते.

तुमच्या दोन्ही फोनांतल्या चिपा मीडियाटेकच्या. तिथले साहेब रिक त्साय २०१७ मध्ये आले, ते पूर्वी तैवानच्या टीएसएमसीचे प्रमुख होते. टीएसएमसी म्हणजे इतरांच्या चिपा घडवून देणारी फॅक्टरी. हे सांगतो कारण बॅटरीच्या बाबतीत चिप कोणत्या फॅक्टरीत, कोणत्या प्रक्रियेवर घडली, याला फार महत्त्व आहे आणि जाहिरातीत नेमकं तेच नसतं. स्नॅपड्रॅगन ८ जेन १ सॅमसंगकडे घडत होती आणि तापण्याबद्दल तिची बरीच चर्चा झाली. जवळपास तीच रचना २०२२ मध्ये टीएसएमसीकडे नेली, नाव दिलं ८ प्लस जेन १. गाभे तेच, वेग उलट थोडा जास्त, तरी वीज ३० टक्क्यांपर्यंत कमी लागते असं क्वालकॉमनं सांगितलं.

आता तुमची निवड. जी८५ आहे १२ नॅनोमीटरची, जी९९ आहे ६ नॅनोमीटरची. हे आकडे आजकाल चिप घडवायच्या प्रक्रियेच्या पिढीचं नाव म्हणूनच धरायचे, पट्टी लावून मोजायचे नाहीत. पण पिढी नवी (आकडा लहान) असली की ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपमधला बारीक स्विच, कमी व्होल्टेजवर चालतो. खरी बचत इथं आहे, कारण वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात लागते: व्होल्टेज १० टक्के उतरलं तर वीज १९ टक्के वाचते. शिवाय चिप तापली की तिच्यातून वीज नुसती झिरपतेही जास्त. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा जुन्या पिढीची चिप दोन्हीकडून मार खाते. दिवसा वावरात ई-पीक पाहणी करताना स्क्रीन पूर्ण उजेडावर, जीपीएस सुरू, कॅमेरा सुरू, अशा कामाला जी९९ निःसंशय चांगली. मी तीच घेईन.

पण रात्रीचा घोर तिनं एकटीनं मिटणार नाही. फोन खिशात असतो तेव्हा प्रोसेसर जवळपास झोपलेला असतो, जागा असतो तो मोडेम, म्हणजे टॉवरशी बोलणारा भाग. "कॉल आहे का?" हे ऐकायला तो साधारण दर सव्वा सेकंदाला उठतो. सिग्नल धड असेल तर ऐकून लगेच झोपतो. जंगलाच्या कडेला एक टॉवर सुटतो, दुसरा पुरता धरत नाही, मग तो शोधत बसतो, आणि टॉवरला उत्तर द्यायची वेळ आली की पूर्ण ताकद लावतो. शेजारच्याशी हळू बोलता येतं, चार धुरे पलीकडच्या माणसाला बोंब मारावी लागते, तसं. ४जी फोनची ही बोंब कमाल २०० मिलिवॅटची असते आणि ती मारायला बॅटरीतून त्याच्या कितीतरी पट वीज जाते. जी९९ मध्ये ५जी नाही, हे तुमच्या माळ्यावर उलट बरंच आहे. कोणी ५जी फोन घेतलाच तर रात्री नेटवर्क ४जीवर ठेवा. मोबाइल डेटाही बंद ठेवा, कॉल तरीही येईल.

पाहणी_सहायक_नागभीड

चिपवाल्या दादांचं पटलं, पण ६००० ची बॅटरी इतकी सहज सोडू नका. मी दिवसभर बांधावर फोटो काढते. लाइन गेली की आमच्या गावात संध्याकाळपर्यंत येत नाही, तेव्हा मोठी बॅटरीच कामी येते. आणि पराटीवाले भाऊ, जागलीसाठी सिम ४जी कीपॅड फोनमध्ये टाकून पाहा. आमच्याकडचे सगळे जागले तेच करतात.

पराटीवाला (ता. केळापूर, जि. यवतमाळ)

सगळ्यांचे आभार. काल माळ्यावर पाहून आलो. वर बसलं की -११७, खाली धुऱ्यावरच्या पळसाजवळ -१०६. घरी -८८. म्हणजे दुरुस्तीवाले भाऊ म्हणतात तेच. दुसऱ्या सिमला तर 'नो सर्व्हिस'. ते बंद केलं. जी९९ वालाच घेतो, कीपॅड फोनचंही पाहतो.

एक राह्यलं. वावरात झटका मशीनची (कुंपणाच्या तारेत झटका सोडते ती) १२ व्होल्टची बॅटरी हाये, आन फवारणी पंपाचीही १२ व्होल्ट, १२ एएचची. रात्री त्याच्यावर फोन चार्ज केला तर चालते का?

दारव्ह्याचा_चिपवाला

पंपाच्या बॅटरीवर खुशाल करा. मधात गाडीतला यूएसबी चार्जर लावा, वायर थेट जोडू नका. ती बॅटरी १४४ वॅट-तासांची, तुमचा ५००० चा फोन साधारण १९ चा. चार्जरमध्ये थोडी वीज गेली तरी एकदा भरून पंपाला पुरेशी उरते. झटका मशीनला मात्र रात्री हात लावू नका. बॅटरी उतरली तर तारेतला झटका कमी होईल आणि डुकरं आत येतील.