चार टूर जिंकूनही फ्रूम ब्रिटिशांना आपला का वाटला नाही?

कळंबा सायकलवाला
रविवारी पन्हाळा चढून आल्यावर चहाला बसलो, ब्रिटनकडून खेळणाऱ्या सायकलपटू क्रिस फ्रूमचा विषय निघाला आणि चांगलंच वाजलं, म्हणून इथं टाकतोय. माझं मत, त्याच्यावर त्याच्याच देशानं अन्याय केला. 2013, 2015, 2016, 2017, चार टूर द फ्रान्स, म्हणजे सायकलिंगची सगळ्यात मोठी शर्यत, मारल्या पण बीबीसीचा वर्षाचा खेळाडू एकदाही झाला नाही. दुसरा ब्रिटिश गडी विगिन्स एक टूर जिंकला, 2012 ला, तो खेळाडू झाला. गेरंट थॉमस 2018 ला एक जिंकला, तोही झाला. फ्रूम नैरोबीत जन्मला, शाळा दक्षिण आफ्रिकेत, 2006 च्या कॉमनवेल्थला केनियाकडून उतरला आणि 2008 ला ब्रिटनकडून शर्यतीत उतरायचं लायसन्स घेतलं, एवढाच गुन्हा. विगिन्सचा जन्म तरी कुठला, बेल्जियममधल्या गेंटचा!

तालमीतला
भावा जन्माचं कोण विचारतंय, वाढला कुठं ते बघत्यात लोक. विगिन्स लंडनात वाढला आणि त्याच लंडनात ऑलिम्पिक गोल्ड मारलं. थॉमस कार्डिफचा, टूर जिंकून पॅरिसच्या पोडियमवर वेल्सचा झेंडा घेऊन उभारला. फ्रूमच्या मागं कुठलं गाव उभारणार? आपला नेमबाज स्वप्नील कुसाळे बघ की, सराव सगळा नाशिक-पुण्यात, पण 2024 ला पॅरिस ऑलिम्पिकचं ब्राँझ आणल्यावर कोल्हापूरनं मिरवणूक काढली कारण तो कांबळवाडीचा. रक्ताचं नातं असतंय ते, लायसन्सवर मिळत नाही.

शाहूपुरीकर ताई
अजिबात पटलं नाही. फ्रान्सचंच घ्या. त्यांचा जुना सायकलपटू आंकेतील पाच टूर जिंकला, पुलिदोर एकही नाही, आठ वेळा पहिल्या तिघांत आला पण टूरमध्ये आघाडीवर असणाऱ्याची पिवळी जर्सी एक दिवससुद्धा अंगावर चढली नाही, तरी लोकांनी जीव लावला तो पुलिदोरला. दोघंही फ्रेंचच ना? मग पासपोर्टचा संबंध आला कुठं? लोकांना माणूस भिडावा लागतो. माझे आजोबा सांगायचे, आपल्या खासबागेच्या कुस्ती मैदानात मल्ल पंजाबचा असू दे नाहीतर पाकिस्तानचा, कुस्ती निकाली केली की मैदान त्याचं.

तालमीतला
ताई, टाळ्या वेगळ्या आणि आपलेपण वेगळं. पाहुण्या मल्लाला टाळ्या देऊ, खुराक पण देऊ. पण त्याच्यासाठी रडणार नाही. आणि पुलिदोर खेड्यातल्या शेतकऱ्याचं पोर होतं, त्यात लोकांना आपलं घर दिसलं, म्हणजे माझंच खरं झालं की.

घाटातला गियर
एक सांगू का, सायकलिंगमध्ये देश मधी येतोच कमी. वर्षभर कंपनीची जर्सी, देशाची फक्त वर्ल्ड चॅम्पियनशिप, ऑलिम्पिक असल्या मोजक्या स्पर्धांना. पोगाचार स्लोव्हेनियाचा, टीम अमिरातीची, आणि आपण इथं कोल्हापुरात रात्री जेवताना ताट हातात घेऊन त्याचे अटॅक बघतोय. फ्रूमच्या बाबतीत त्याच्या टीम स्कायवरचा डोपिंगचा संशय पण धरा, लोक नुसते केनियावरनं तुटले नाहीत.

कळंबा सायकलवाला
संशयाचं मान्य. पण 2015 ला रस्त्यावर एकानं त्याच्या अंगावर लघवी फेकली, ती कुठल्या हिशोबात धरायची? 2016 ला टूरमधल्या माँ व्हाँतू डोंगरावर मोटरसायकलला धडकून सायकल मोडली तर गडी बुटांनिशी चढावर पळत सुटला. तालमीतल्या, तू म्हणतोस पाहुण्यासाठी रडणार नाही. मी त्या दिवशी रडलोय, आणि मी ना केनियाचा ना इंग्लंडचा.