पाँडिचेरीची फ्रेंच शाळा १९५४ नंतर टिकली कशी?

सलाटवाडा_वाचक:
सप्रेम नमस्कार. नुकतेच आम्ही वडोदऱ्याहून पाँडिचेरीला जाऊन आलो. तेथील व्हिक्टर सिमोनेल रस्त्यावरच्या फ्रेंच लिसेत (म्हणजे माध्यमिक शाळेत) आजही फ्रान्सचाच अभ्यासक्रम शिकवला जातो आणि मुले बाकालोरेआच्या, म्हणजे फ्रान्सच्या शालान्त परीक्षेला बसतात, हे कळल्यावर नवल वाटले. फ्रेंच अंमल संपला, तरी परक्या सरकारची शाळा आपल्या भूमीवर कशी राहिली? शिवाय ही शाळा अरविंद आश्रमाचीच असावी, असे आमच्या घरी सर्वांचे मत पडले. ते बरोबर आहे का?

रावपुरा_इतिहास:
आधी तिच्या जन्माचे पाहू. इंग्रजांच्या ताब्यातून पाँडिचेरी फ्रेंचांकडे १८१६ मध्ये परत आली. त्यानंतर दहा वर्षांनी, १८२६ मध्ये, गव्हर्नर देबासें द रिशमों याच्या कारकिर्दीत 'कोलेज रुआयाल', म्हणजे शाही महाविद्यालय, स्थापन झाले. आजचे लिसे ही त्याचीच पुढची अवस्था. याच गव्हर्नराच्या काळात, १८२७ मध्ये, सार्वजनिक ग्रंथालयही निघाले. त्यालाच आता रोमाँ रोलाँ ग्रंथालय म्हणतात.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. १८ ऑक्टोबर १९५४ रोजी किळूर येथे लोकप्रतिनिधींनी १७० विरुद्ध ८ मतांनी भारतात विलीन होण्याच्या बाजूने कौल दिला आणि १ नोव्हेंबरला प्रत्यक्ष कारभार भारताकडे आला. मात्र कायद्याने प्रदेश सोपवणारा तह २८ मे १९५६ रोजी झाला, आणि फ्रान्सने त्याला मान्यता देऊन तो १६ ऑगस्ट १९६२ रोजी अमलात येईपर्यंत आणखी सहा वर्षे गेली. या तहातच फ्रेंच कॉलेज, म्हणजे हेच लिसे, आपल्या जागेत फ्रेंच शिक्षणसंस्था म्हणून चालू राहील, असे कलम आहे. म्हणजे शाळा कुणाच्या नजरचुकीने राहून गेली नाही; ती दोन्ही सरकारांनी विचारपूर्वक राखली. आपल्याकडे फ्रेंच वास्तू म्हटले की पिवळ्या भिंती आणि बोगनवेल एवढेच डोळ्यांपुढे येते, म्हणून हा कागदोपत्री भाग मुद्दाम सांगितला.

कलम असले तरी वर्गात मुले हवीत. तहान्वये तेथील रहिवाशांना ठरावीक मुदतीत फ्रेंच नागरिकत्व निवडता येत होते, आणि काही हजार जणांनी ते निवडले. त्यांच्या मुलांना पुढे फ्रान्समध्ये शिक्षण किंवा नोकरी मिळवायची, तर हाच मार्ग सरळ होता. १९९० मध्ये परदेशांतील फ्रेंच शाळांसाठी स्वतंत्र सरकारी संस्था स्थापन झाली. लिसे आता तिच्या जाळ्यात आहे.

दांडियाबाजारकर:
आश्रमाची शाळा निराळी. ती आश्रमाच्या प्रमुख श्रीमाताजींनी २ डिसेंबर १९४३ रोजी सुरू केली आणि १९५२ मध्ये तिला विद्यापीठ केंद्राचे रूप आले. तेथे गणित आणि विज्ञान फ्रेंचमधून शिकवण्याची प्रथा आहे, त्यामुळे घोटाळा होणे साहजिकच आहे. पण तिचा बाकालोरेआशी संबंध नाही. किंबहुना परीक्षा आणि पदव्या यांना तेथे स्थानच दिलेले नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या गावाची. अरविंदबाबू १९१० मध्ये पाँडिचेरीला गेले, तत्पूर्वी ते बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या नोकरीत होते, आणि बडोदा कॉलेजात त्यांनी आधी फ्रेंचच शिकवले. इंग्रजीचे प्राध्यापक ते नंतर झाले. आमच्या दांडिया बाजारातील त्यांच्या निवासस्थानी येणाऱ्या पाहुण्यांना मी हे आवर्जून सांगतो, आणि त्यांतील बहुतेकांना ते ठाऊक नसते.

सलाटवाडा_वाचक:
दोघांचेही आभार. म्हणजे एक शाळा तहाने राखलेली आणि दुसरी आश्रमाने उभारलेली, आणि आम्ही दोहोंना एकच समजत होतो. एक शंका उरते: कलमात 'आपल्या जागेत' असे असेल, तर इमारत बदलायची झाल्यास दोन सरकारांना पुन्हा बोलणी करावी लागतील काय?

रावपुरा_इतिहास:
शब्दशः वाचले तर तसेच दिसते, पण दोघांच्या संमतीने जागा बदलता येणार नाही असा अर्थ त्यातून निघत नाही. पाहुण्याने घर सोडू नये म्हणून दिलेले ते अभयवचन आहे, त्याला डांबून ठेवण्यासाठी घातलेली कडी नव्हे.