मदत हवी आहे: राईखालच्या बागेतला कोको शेकरू आणि केलडी (माकडं) खातात

नमस्कार मंडळी,

सावंतवाडी तालुक्यात देवराईच्या पायथ्याशी आमची दीड एकर माड-पोफळीची बाग आहे. राईतल्या झऱ्याचं पाणी पाटानं बागेत येतं. राईतलं वाळकं लाकूडही न्यायचं नाही, हा गावाचा जुना नेम. मध्यंतरी लाकडाच्या व्यापाऱ्यानं शेजारचा डोंगर मागितला, तर मानकरी आणि बचतगटाच्या बायकांनी मिळून त्याला परत पाठवलं.

सहा वर्षांपूर्वी पोफळीत एक ओळ सोडून ७० कोको (ज्याच्या बियांचं चॉकलेट होतं) लावले. झाड मूळचं ॲमेझॉनच्या जंगलातलं, सावलीत वाढणारं. म्हणजे काही न तोडता आंतरपीक. (आयव्हरी कोस्टात याच कोकोपायी केवढं जंगल गेलं!)

पहिली चूक माझीच. बाग लख्ख झाडून पातेरा (पडलेला पाला) भाताच्या रोपांची जागा, म्हणजे तरवा, भाजायला न्यायची आमच्याकडे सवय. खोडाला फुलं भरपूर, फळ एक नाही. कर्नाटकातल्या विट्टलच्या बागायती संशोधन केंद्रावर गेलो तेव्हा कळलं, परागीकरण करणारी बारीक चिलटं कुजक्या पाल्यातच वाढतात. झाडणं बंद केलं, केळीची खुंटं कापून बुंध्याशी टाकली. फळं धरली.

आता फळ पिवळं पडायला लागलं की मी पोचायच्या आधी शेकरू नाहीतर केलडी हजर. सालीला लिंबाएवढं भोक, गर चोखलेला, बिया खाली. शेकरू राज्यप्राणी, त्याला इजा करायची नाही आणि करायचीही नाहीये. बाबा म्हणतात, "राखा आणखी राई!"

तर, फळं किती आधी काढली तर बिया आंबायला चालतात? पाच-सहा किलो ओल्या बिया केळीच्या पानांत गुंडाळून टोपलीत ठेवतो, पण ढिगाला ऊब धरत नाही आणि पावसात वाळवताना बुरशी येते. एवढ्या थोड्या मालाला कुणी काय करतं? तिकडेच पुत्तूरला कॅम्पकोचा (सुपारी-कोको बागायतदारांच्या सहकारी संस्थेचा) चॉकलेट कारखाना आहे, पण वर्षाला ५० किलोही वाळक्या बिया नसताना तिथवर जाणं परवडत नाही. जवळपास कुणी ओल्या बिया घेतं का?

आणि एक. राईचं पाणी सगळा गाव पितो, नुकसान मात्र तिच्या कडेच्या तीन-चार बागवाल्यांचं. ते गावानं मिळून वाटून घ्यायची पद्धत तुमच्याकडे कुठे आहे का? ग्रामसभेत मांडायचं आहे, कुणी केलं असेल तर नेमकं कसं ठरवलं ते लिहा.