मंदीत धंदा वाढवावा की आहे तो टिकवावा?

(चौघांची चर्चा. प्रत्येकाच्या मजकुरावर त्याचं टोपणनाव आहे.)

ताळेबंद

मंदी आली की पहिला सल्ला मिळतो तो हात आखडता घ्यायचा. मला तो अर्धाच पटतो. मंदीतही वाढायला हवं, फक्त ती वाढ नव्या कर्जावर नको, धंद्यात अडकून पडलेल्या पैशावर हवी.

तो पैसा किती आहे हे काढणं सोपं आहे. साठ्याचे दिवस अधिक येण्यांचे दिवस, वजा देण्यांचे दिवस. माल 60 दिवस पडून राहतो, गिऱ्हाईक 75 दिवसांनी पैसे देतं, पुरवठादाराला आपण 45 दिवसांनी देतो. म्हणजे 90 दिवसांचा पैसा कायम बाहेर. साठा 45 वर आणि वसुली 60 वर आणली की 30 दिवसांची रक्कम हातात येते, तीही बिनव्याजी. सुरुवात साठ्यापासून करा. सहा महिन्यांत एकदाही न हललेल्या मालाची यादी काढा आणि मिळेल त्या भावाला विका. इथेच लोक अडतात. 'तोट्यात कसा विकू' म्हणत गोदामाचं भाडं, विमा आणि व्याज भरत राहतात.

व्यवस्थापनाचे प्राध्यापक रंजय गुलाटी आणि सहकाऱ्यांनी 2010 साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू या नियतकालिकात तीन मंद्यांमधल्या 4,700 कंपन्यांचा अभ्यास मांडला होता. 17 टक्के कंपन्या दिवाळखोरीत गेल्या, विकल्या गेल्या किंवा शेअर बाजारातून बाहेर पडल्या. आधीपेक्षा सरस होऊन बाहेर आल्या त्या जेमतेम 9 टक्के. सर्वांत पुढे गेल्या त्या कामकाजातली गळती थांबवून त्याच वेळी संशोधन, विक्री आणि यंत्रसामग्रीत पैसे घालणाऱ्या. नुसती काटछाट करणाऱ्या मागे राहिल्या.

रोकड आधी

त्या 4,700 कंपन्या शेअर बाजारात नोंदलेल्या होत्या. त्यांना भांडवल उभं करायचे चार मार्ग असतात, लहान उद्योगाला बहुधा एकच बँक असते. आणि तीच बँक मंदीत कर्जाची मर्यादा कमी करते.

तुमचाच 90 दिवसांचा हिशेब पुढे नेतो. रोजची विक्री 100 धरा. ढोबळमानाने 9,000 अडकलेले. विक्री 20 टक्के वाढवली तर आणखी 1,800 लागतील. नफा 6 टक्के असेल तर रोजच्या 120 च्या एकूण विक्रीवर तीन महिन्यांत मिळतात 648, तेही कागदावर, कारण वसुली अजून व्हायचीय. उरलेले 1,152 कुठून आणणार? ऑर्डरी भरपूर आणि पगाराला पैसे नाहीत, अशा अवस्थेत नफ्यातले धंदे बुडतात ते याच फरकामुळे.

वसुली लवकर व्हावी म्हणून सूट देणाऱ्यांनीही आकडेमोड करावी. 30 दिवसांच्या उधारीवर '10 दिवसांत दिलेत तर 2 टक्के सूट' म्हणजे 20 दिवसांसाठी 2 टक्के. वार्षिक दर 37 टक्क्यांवर जातो. इतकं महाग कर्ज कोणी शुद्धीत घेणार नाही.

ताळेबंद

1,152 चा मुद्दा मान्य, म्हणूनच आधी पैसा अडकण्याचं चक्र 90 वरून 60 दिवसांवर आणायचं आणि मग विक्री वाढवायची. 120 गुणिले 60 म्हणजे 7,200, आजच्या 9,000 पेक्षा कमीच. क्रम उलटा झाला की तुम्ही म्हणता तसंच होतं.

सुटीबद्दल मात्र असहमत. 37 टक्के तेव्हाच, जेव्हा गिऱ्हाईक खरंच तिसाव्या दिवशी पैसे देतं. ते 75 व्या दिवशी देत असेल तर तुम्ही 65 दिवस विकत घेताय आणि दर पडतो साधारण साडेअकरा टक्के. म्हणून सूट सरसकट देऊ नका. गिऱ्हाईकवार गेल्या बारा बिलांचे प्रत्यक्ष दिवस काढा, उशिरा पण हमखास देणाऱ्यांनाच सूट सांगा. वेळेवर देणाऱ्याला दिलेली सूट वाया जाते, आणि बुडवणारा सुटीनेही देत नाही.

यंत्रघर

दोघंही वाढ म्हणजे विक्री धरून चाललात. मंदीत सर्वांत टिकाऊ वाढ विजेच्या बिलात दडलेली असते. त्यासाठी गिऱ्हाईक लागत नाही, उधारी लागत नाही, आणि प्रदूषणही घटतं.

दाबाच्या हवेचंच घ्या. सुट्टीच्या दिवशी सगळी यंत्रं बंद ठेवून, यंत्रांपर्यंतच्या हवेच्या झडपा उघड्या ठेवून, फक्त कॉम्प्रेसर चालवा. तो किती वेळ भारावर, म्हणजे हवा भरत, चालतो आणि किती वेळ मोकळा, हे घड्याळ लावून दहा फेऱ्या मोजा. 3 मिनिटं भारावर आणि 7 मिनिटं मोकळा निघाला तर कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या 30 टक्के हवा गळतेय. दुर्लक्षित कारखान्यात हा आकडा नवलाचा नाही. मग साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन प्रत्येक जोड तपासा, पट्ट्या बांधा, झडपा बदला. गळती थांबल्यावर दाब 1 बारने (बार हे दाबाचं एकक) उतरवला तर वीज आणखी 6 ते 7 टक्के वाचते.

हे फसतं ते शेवटच्या यंत्रावर. लांब, बारीक नळीत दाब आधीच पडलेला असतो, त्यामुळे तिथला हवेवर चालणारा सिलिंडर मंदावतो आणि कोणीतरी गुपचूप दाब परत वाढवतो. आधी ती नळी मोठी करा, मगच दाबाला हात लावा.

रोकड आधी

साबणाच्या पाण्याला माझा काहीच विरोध नाही, ते उद्याच करावं. विरोध आहे तो त्यापुढच्या खरेदीला. पंख्याचा वेग 80 टक्के केला की वीज निम्म्यावर येते, हे सांगून वेगनियंत्रक विकले जातात. पंख्यासाठी ते जवळपास खरं आहे, 0.8 चा घन 0.51 येतो. पण उंच टाकीत पाणी चढवणाऱ्या पंपाला हे गणित लागू नाही, तिथे वेग जास्त कमी केला तर पाणी वर पोचतच नाही. आणि बचतीचा हिशेब पूर्ण पाळ्यांवर केलेला असतो. मंदीत यंत्र दिवसाला 20 ऐवजी 8 तास चालत असेल तर परतफेडीचा काळ अडीचपट होतो. दीड वर्षाचा पावणेचार वर्षं.

यंत्रघर

तासांचा मुद्दा बिनतोड आहे. आजच्या तासांवर हिशेब करून 12 महिन्यांत वसूल होईल तेवढंच घ्यावं, बाकीचं यादीत ठेवावं.

कामाचे तास

माणसांचं कोणीच बोललं नाही. 2009 मध्ये जर्मनीचं उत्पादन 5 टक्क्यांहून जास्त घसरलं, तरी बेरोजगारी फारशी वाढली नाही, कारण कारखान्यांनी माणसं काढण्याऐवजी तास कमी केले. मागणी परतली तेव्हा कसबी हात जागेवर होते.

रोकड आधी

त्यात बुडालेल्या पगाराचा मोठा भाग सरकारी योजनेतून भरला जात होता. अशी योजना नसेल तर तास कमी करण्याचा भार मालक आणि कामगार यांच्यातच वाटला जातो, आणि चांगला कारागीर दोन-तीन महिन्यांत दुसरीकडे जातो. तरीही काढून टाकण्यापेक्षा हे बरं, पण मुदत आधी सांगून.

आणि ताळेबंद, तुमचा क्रम मला मान्य आहे, एका अटीवर. 13 आठवड्यांचा रोकड तक्ता करा, म्हणजे दर आठवड्याला किती पैसे येणार आणि किती जाणार याची यादी. त्यात येणी बिलावरच्या तारखेला न लिहिता त्या गिऱ्हाईकाच्या सवयीच्या तारखेला लिहा. बहुतेक तक्ते याच चुकीने खोटे ठरतात. कुठल्याही आठवड्याअखेर शिल्लक 4 आठवड्यांच्या स्थिर खर्चाखाली दिसली तर त्या दिवसापासून आगाऊ रकमेशिवाय नवी ऑर्डर घ्यायची नाही.

ताळेबंद

अट मान्य, पण 4 आठवडे कमी आहेत. विक्रीचा तिसरा हिस्सा एकाच गिऱ्हाईकाकडून येत असेल तर ती रेषा 8 वर ठेवा. त्याचं एक बिल महिनाभर लांबलं तर 4 आठवड्यांची शिल्लक पगाराच्या आधीच संपू शकते.