घरी येऊन टायर बदलून घ्यायचे असतील तर काय बघावं?

प्रश्न: लासलगावात कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या रांगेतून गाडी दुकानापर्यंत न्यायची कटकट नको, म्हणून व्हॅनवाल्याला घरी बोलवतोय. टायरचं माप १८५/६५ आर१५, ट्यूबलेस, दोनच टायर बदलायचेत. अंगणात शहाबादी फरशी आहे. चालेल?

उत्तर १: फरशीवर जॅक थेट लावू नका, फरशी तडकते आणि जॅक सरकतो. खाली जाड फळी हवी. हँडब्रेक ओढा, उचलायच्या चाकाच्या तिरप्या समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड लावा, नट गाडी उचलण्याआधीच सैल करा.

टायर बसवण्याआधी टायरच्या बाजूवर DOT (डॉट) अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचा: २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. व्हॉल्व्ह नवाच घ्या. जुन्याचं रबर बुडाशी चिरतं आणि मग हवा रोज थोडी थोडी उतरते. रिमच्या कडेचा गंज तारेच्या ब्रशने काढायला लावा, नाहीतर बीड, म्हणजे टायरची रिमला चिकटणारी आतली कड, नीट बसत नाही. बीडला साबणाचं पाणी किंवा पेस्ट. ग्रीस अजिबात नाही.

उत्तर २: नवी जोडी मागे टाका, गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी असली तरी. ओल्या रस्त्यात मागचा भाग घसरला की सावरत नाही.

व्हॅनमध्ये बॅलन्सिंग मशीन (चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणारं) आहे का, हे फोनवरच विचारा. अलाइनमेंट (चाकांची दिशा जुळवणं) अंगणात होत नाही, ती दुकानातच. इम्पॅक्ट गननं (नट आवळायच्या मशीननं) नट ठोकून आवळू देऊ नका. आधी हातानं, मग चांदणीसारखे आडवेतिडवे, शेवटी मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क रेंच (ठरावीक जोरानं आवळायचा पाना). ५०-१०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा.